अंगणातला लिंब आणि सावलीची घाई

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मागच्या वेळी आपण कर्तव्य आणि परिणाम या विषयावर बोललो. व्याख्यान संपल्यावर एक ताई म्हणाल्या, "सर, हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण आमच्या घरात असा प्रश्न पडतो कुठं?" मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. तर आज मी तुम्हाला कुठल्याही ग्रंथात नेणार नाही. माझ्या अंगणात नेणार आहे. तिथं एक लिंबाचं झाड मरतंय, आणि त्यावरून आमच्या घरात गेलं वर्षभर वाद चालू आहे. वाद साधा आहे. जुनं झाड काढायचं का, आणि काढलं तर त्या जागी लवकर वाढणारं सावलीचं झाड लावायचं का? पण या साध्या वादात तत्त्वज्ञानाचे तीन-चार जुने प्रश्न दडलेले आहेत. ते एकेक करून उलगडून बघू.

झाड कसं आलं

सिडकोनं १९७०च्या दशकात आपल्या शहराच्या पूर्वेला नवी वसाहत उभी करायला घेतली. आम्ही तिथं १९८०च्या दशकाच्या मध्यावर राहायला आलो. तेव्हाचं चित्र ज्यांना आठवतं त्यांना माहीत आहे: घरं नवीन, रस्ते नवीन, आणि झाड औषधालाही नाही. खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही. पावसाळ्यात आम्ही दोघांनी दारात लिंबाचं रोप लावलं. पहार मारून मारून हाताला फोड आले, तेव्हा कुठं दोन फूट खड्डा झाला.

लिंब म्हणजे कडूलिंब, हे आपल्या मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नाही. हे झाड आपल्याकडं का टिकतं? पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा ठिकाणी लिंब मुळं खोल आणि लांब पसरवतो. शिवाय त्याची पानगळ साधारण फेब्रुवारी-मार्चला होते आणि चैत्राच्या तोंडाला नवी पालवी येते. म्हणजे ऊन तापायला लागतं तेव्हा हा हिरवागार झालेला असतो. जुन्या माणसांनी दाराशी लिंब लावला तो काही नुसता गुढीपाडव्याच्या पानांसाठी नाही.

झाड मेलं कसं

आता जरा अवघड भाग. दहा-बारा वर्षांपूर्वी घरात गाडी आली. पावसाळ्यात अंगणात चिखल व्हायचा, चाकं रुतायची. मग मी सगळं अंगण सिमेंट काँक्रीटचं करून घेतलं. खोडाभोवती जेमतेम हातभर गोल जागा सोडली, तीसुद्धा कंत्राटदारानं आठवण करून दिली म्हणून. पुढं दोन वर्षांनी ड्रेनेजची नवी लाईन टाकायला त्याच अंगणात चर खणला. चरात मनगटाएवढी मुळं निघाली. ती कुऱ्हाडीनं तोडली. मी तिथंच उभा होतो. वर झाड हिरवं होतं, त्यामुळं मला काही वाटलं नाही.

झाडाचं मूळ म्हणजे खोडाची उलटी प्रतिमा, जेवढं वर तेवढंच खाली, असं आपण समजतो. तसं नसतं. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर दूरवर जातात. मुळांना नुसतं पाणी लागत नाही, हवाही लागते. मुळं श्वास घेतात. वर काँक्रीट टाकलं की पाणीही बंद, हवाही बंद. झाड लगेच मरत नाही. साठवलेल्या अन्नावर ते काही वर्षं काढतं. मग शेंड्याकडून वाळायला लागतं, कारण शेंडा मुळापासून सगळ्यात लांब. वरच्या फांद्या काडीसारख्या झाल्या की आपण म्हणतो, "अरे, झाडाला काय झालं एकाएकी?" एकाएकी काही झालेलं नसतं. कारण आणि परिणाम यांच्यात पाच-सात वर्षांचं अंतर पडलं की माणसाला कारण दिसेनासं होतं. मी आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवला, आणि माझ्या दारातला कार्यकारणभाव मला दिसला नाही.

म्हणून पहिला मुद्दा. जुन्याच्या जागी नवं काय लावायचं, हा प्रश्न विचारण्याआधी जुनं का मेलं ते कळलं पाहिजे. नाहीतर नवं झाडही त्याच काँक्रीटमध्ये लावाल आणि तेही मरेल.

खरंच मरतंय का?

इथं घाई नको. 'मरणं' हा शब्द माणसाला लागतो तसा झाडाला लागत नाही. खोडाच्या आतलं जून लाकूड तसंही जिवंत नसतंच. जिवंत असतो तो सालीलगतचा पातळ थर आणि त्याच्या आतलं ओलं लाकूड. त्यामुळं पोकळ खोडाचा वड शंभर वर्षं उभा राहतो, आणि भरीव खोडाचं झाड साल गोलाकार सोलली तर मरतं.

तपासायची साधी रीत आहे. फांदीची साल नखानं किंवा चाकूच्या टोकानं जरा खरवडा. खाली हिरवं-ओलसर दिसलं तर ती फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं आणि वाकवल्यावर कट्कन मोडली तर गेली. शेंड्याकडून खाली येत येत बघा, जीव कुठपर्यंत आहे ते कळतं. आणि लिंबाच्या बाबतीत निकाल पानगळीच्या दिवसांत देऊ नका. चैत्रपालवीपर्यंत थांबा.

याचं एक उदाहरण शेजारच्या राज्यातलं आहे. २०२१च्या पावसाळ्यानंतर तेलंगणात हजारो लिंबांचे शेंडे करपल्यासारखे वाळले. तो बुरशीचा रोग होता, शेंडेमर म्हणा. लोक घाबरले, झाडं गेली असं समजून चालले. त्यांतल्या पुष्कळ झाडांना पुढं नवी पालवी फुटली. ज्यांनी तोवर कुऱ्हाड चालवली असेल त्यांना ती दिसायची काही सोय उरली नाही.

आमच्या लिंबाला गेल्या चैत्रात पालवी आली ती फक्त खालच्या दोन फांद्यांना. वरचा दोन-तृतीयांश भाग वाळला आहे. म्हणजे मेलाही नाही आणि वाचलाही नाही.

सावलीची घाई कुणाला?

आता वादाकडं येतो. हिचं म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं मागच्या वर्षी कंबरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळी घराबाहेर रोज थोडं चाला. पण बाहेर काँक्रीट. दिवसभर तापलेलं, संध्याकाळी सातलाही त्याची धग पायाला लागते. वरचा लिंब वाळलेला. ही मला म्हणाली, "अहो, तुम्ही लिंबाचा शोक करत बसा. मला येत्या मे महिन्यात सावली पाहिजे. लवकर वाढणारं काहीतरी आणा."

मी माझ्या सवयीनं उपदेश सुरू केला. म्हटलं, झाड स्वतःसाठी लावायचं नसतं. आपल्याकडं आणि जगभर ती गोष्ट आहेच, म्हातारा आंबा लावतो, लोक हसतात, तो म्हणतो मी खाल्लेले आंबे दुसऱ्यानं लावले होते. हिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या म्हाताऱ्याची बायको कुठं बसत होती उन्हाळ्यात, ते गोष्टीत आहे का?"

मंडळी, मला उत्तर आलं नाही. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की तिचा प्रश्न तत्त्वज्ञानातला जुना आणि कठीण प्रश्न आहे. आज मिळणारं सुख आणि पंधरा वर्षांनी मिळणारं सुख यांचं वजन सारखं धरायचं की कमी-जास्त?

फ्रँक रॅमझी नावाचा केंब्रिजचा एक तत्त्वज्ञ-गणिती होता. १९२८ साली त्यानं बचतीच्या गणितावर एक निबंध लिहिला. पिढ्यांनी किती खावं आणि किती मागं ठेवावं, हा त्याचा विषय. त्यात तो म्हणतो की एखादं सुख केवळ उशिरा येणार म्हणून त्याची किंमत कमी धरणं हे नीतीच्या दृष्टीनं समर्थनीय नाही. आपली कल्पनाशक्ती तोकडी पडते म्हणून आपण तसं करतो. हे लिहिलं तेव्हा तो पंचविशीत होता. १९३०मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी तो गेला. म्हणजे उशिरा येणाऱ्या सुखाची बाजू मांडणाऱ्याला स्वतःला उशीर लाभलाच नाही.

पण रॅमझीचं म्हणणं नीट वाचलं पाहिजे. 'उशिराचं म्हणून कमी' आणि 'मिळेल की नाही याची खात्री नाही म्हणून कमी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चूक आहे. दुसरी व्यवहार आहे. माझी पत्नी सत्तरी ओलांडलेली बाई आहे. वीस वर्षांनी येणारी सावली ती बघेल याची खात्री कोण देणार? तिनं आजची सावली मागितली यात स्वार्थ नाही, हिशेब आहे. आणि मी जे बोलत होतो त्यात उदात्तपणा होता, पण त्याची किंमत मी देणार नव्हतो. उन्हात ती बसणार होती.

लवकर वाढणं म्हणजे काय

मग आम्ही दोघं रोपवाटिकेत गेलो. तिथल्या माणसानं झटपट नावं घेतली. त्या निमित्तानं मी थोडा अभ्यास केला, तो तुमच्यापुढं ठेवतो.

झाडाकडं दरवर्षी ठराविक कमाई असते: ऊन, पाणी, माती. ती कमाई ते कशावर खर्च करतं? काही झाडं ती उंची आणि पानांवर खर्च करतात. लाकूड हलकं, ठिसूळ राहतं. काही झाडं आधी मुळांवर आणि घट्ट लाकडावर खर्च करतात. वर काही दिसत नाही, लोक म्हणतात वाढतच नाही. उघड्या, मोकळ्या जागेत पहिल्यांदा येऊन जागा पकडणारी झाडं सहसा पहिल्या प्रकारातली असतात. नियमाला अपवाद आहेत, पण लवकर वाढणारं झाड वादळात लवकर मोडतं आणि आयुष्यानंही अनेकदा कमी असतं, हे ढोबळमानानं खरं आहे.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लवकर वाढतो, फुलतो तेव्हा डोळे दिपतात. पण मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या गाड्यांवर येतात. सुबाभूळ मेक्सिकोकडची, चाऱ्यासाठी आणि जळणासाठी तिचा मोठा प्रचार झाला. वाढते झपाट्यानं, पण शेंगांमधून इतकं बी पडतं की पुढं ती काढता काढता पुरेवाट होते. सप्तपर्णी आपल्याच देशातली, आकार देखणा. पण दिवाळीच्या सुमारास फुलली की त्या उग्र वासानं अनेकांना त्रास होतो. कोनोकार्पस हिरवागार भिंतीसारखा वाढतो म्हणून मधल्या काळात सगळीकडं लावला गेला, आणि २०२३ साली गुजरातच्या वन विभागानं त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

यातलं कुठलंच झाड वाईट नाही. 'लवकर' या एकाच गुणावर निवड केली की बाकीचे गुण-दोष फुकट सोबत येतात, एवढंच म्हणायचं आहे. लग्न जमवताना नुसती उंची बघावी तसं ते होतं.

मुळात किती सावली लागते?

इथं मला एक गोष्ट सापडली, आणि आमचा अर्धा वाद तिथं मिटला.

आपण सावलीचं झाड म्हटलं की घरावर छत्रीसारखं पसरलेलं प्रचंड झाड डोळ्यांपुढं आणतो. पण आपलं शहर जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या आधी काही मिनिटं सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तोच आपला शून्य सावलीचा दिवस. तेव्हाचं ऊन गच्चीवर पडतं. त्याला उपाय गच्चीला चुना मारणं हा आहे, दारातलं झाड नव्हे. घराची भिंत आणि खिडकी तापते ती दुपारनंतर, पश्चिमेच्या उन्हानं. मे महिन्यात सूर्य मावळतोही नेमका पश्चिमेला नाही, तर वीसेक अंश उत्तरेकडं सरकून.

आता हिशेब बघा. मे महिन्यात साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण तेहेतीस अंश वर असतो. म्हणजे वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दीडपट पडते. भिंतीपासून पंधरा फुटांवर, पश्चिम-वायव्य बाजूला सोळा फुटांचं झाड असेल, तर साडेचारला त्याची सावली भिंतीवर सहा फुटांपर्यंत चढते. पाच वाजता जवळजवळ नऊ फुटांपर्यंत. तळमजल्याची खिडकी त्यात झाकली गेली, आणि भिंतीपुढची बसायची जागाही. सोळा फूट म्हणजे काही वटवृक्ष नव्हे. आमचा लिंब मात्र दक्षिणेला होता. चाळीस वर्षं तो वाढला, खूप दिलं त्यानं. पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी पश्चिमेची भिंत तेव्हाही तापायचीच.

तुम्हाला हे स्वतः करून बघता येईल. येत्या मे महिन्यात एक सोळा फुटी बांबू आणा. साडेचार वाजता अंगणात निरनिराळ्या ठिकाणी उभा करा आणि सावली कुठं जाते ते बघा. जिथं सावली खिडकीवर येईल तिथं खूण करा. पावसाळ्यात तिथं खड्डा घ्या.

म्हणजे 'किती लवकर वाढेल' हा प्रश्न 'कुठं लावायचं' या प्रश्नानं निम्मा सुटतो. जागा बरोबर असेल तर मध्यम गतीचं, टिकाऊ झाडही चार-सहा वर्षांत कामाला येतं. प्रश्न चुकीचा मांडला की उत्तरासाठी धावावं लागतं. आपल्या विषयात हे नेहमीचंच आहे.

आम्ही काय ठरवलं

मग आम्ही सावलीचे तीन हिस्से केले: या वर्षाची, पाच वर्षांनी येणारी, आणि आमच्यानंतरची.

या वर्षाच्या सावलीसाठी झाड नको, मांडव पाहिजे. आपल्या आजीला हे माहीत होतं. चार खांब, वर बांबू, त्यावर दोडक्याचा आणि मधुमालतीचा वेल. वेल दाट होईपर्यंत वर हिरवी जाळी. शेजारी एक शेवगा. शेवगा वर्षभरात डोक्याच्या वर जातो. सावली विरळ, लाकूड कापसासारखं, पण पाच वर्षं काढायला पुरे, आणि शेंगा मिळतात.

पाच वर्षांनी येणाऱ्या सावलीसाठी करंज. आपल्या देशातला, कमी पाण्यावर तग धरणारा. मार्च-एप्रिलमध्ये थोडे दिवस पानं झडतात आणि लगेच चकचकीत नवी पालवी येते. खऱ्या उन्हाळ्यात दाट सावली. तो पश्चिम-वायव्येला, बांबूनं खूण केलेल्या जागी लावला. त्यासाठी तिथलं काँक्रीट फोडलं, सहा फूट बाय सहा फूट. खड्डा तीन फूट, मुरूम बाजूला, गाळाची माती आणि शेणखत. रोप मुद्दाम चार फुटांचंच घेतलं. पिशवीत फार दिवस राहिलेल्या उंच रोपाची मुळं आत गोल गोल गुंडाळलेली असतात, पुढं तीच त्याला आवळतात. लहान रोप दोन-तीन वर्षांत त्याला गाठतं.

आणि आमच्यानंतरची सावली? ती जुन्या लिंबाची. त्याच्याभोवतीचं काँक्रीटही सहा फुटांपर्यंत फोडलं. मातीवर पालापाचोळ्याचा थर घातला. वाळलेल्या फांद्या धोकादायक, त्या कमी करायच्या म्हणून महापालिकेकडं अर्ज केला. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा: आपल्या राज्यात १९७५चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाड वाळलं आहे, घरावर किंवा रस्त्यावर पडायची भीती आहे, हे फोटोंसह अर्जात स्पष्ट लिहावं.

लिंब जगेल का? मी सांगू शकत नाही. खालच्या दोन फांद्या आहेत. त्याच्या निंबोळ्यांतून उगवलेलं एक रोप मात्र भिंतीच्या कडेला मिळालं, ते आम्ही मोकळ्या मातीत हलवलं आहे.

एकाच्या बदल्यात किती?

शेवटचा मुद्दा. आपण 'झाडाच्या बदल्यात झाड' म्हणतो तेव्हा नक्की काय म्हणतो?

२०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानायचं ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची असा नियम आला. चाळीस वर्षांच्या झाडाला चाळीस रोपं. आधीच्या पद्धतीपेक्षा हे पुष्कळ पुढचं पाऊल आहे, कारण झाडाचं वय मोजावं असं कायद्याला वाटलं.

पण गणित करा. तोडलेल्या झाडाचा घेर दहा मीटर व्यासाचा असेल, तर त्याच्याखालची सावली सुमारे ७८ चौरस मीटर. नव्या रोपाचा घेर एक मीटर धरला, तरी सावली एक चौरस मीटरसुद्धा भरत नाही. व्यास दसपट, तर क्षेत्र शंभरपट. म्हणजे त्या दिवशीची सावली भरून काढायला शंभर रोपं लागतील, चाळीस नव्हेत. आणि ती शंभर रोपं शंभर ठिकाणी असतील. ज्या ओट्यावर सावली होती तो ओटा उन्हातच राहणार.

राज्यात २०१६ साली एका दिवसात दोन कोटी रोपं लावायचा कार्यक्रम झाला, २०१९मध्ये उद्दिष्ट ३३ कोटींवर गेलं. एवढ्या लोकांनी हातात रोप घेतलं हे चांगलंच. पण आपण मोजतो ते लावलेलं. जगलेलं मोजायला तीन उन्हाळे थांबावं लागतं, आणि तेवढा दम आपल्याला नसतो. आपल्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा येतं. इथं झाड लावणं म्हणजे तीन वर्षं दर आठवड्याला दोन बादल्या पाणी बाजूला काढायचं वचन देणं आहे. ज्याला ते वचन देता येणार नाही त्यानं झाड न लावता दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालावं. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही. तेही तितकंच मोलाचं काम आहे.

म्हणून माझं मत असं आहे: जुन्या झाडाची जागा नवं झाड 'घेत' नाही. भरपाई हा हिशेबाचा शब्द आहे, पैशाला लागतो. झाडाच्या बाबतीत आपण फक्त एवढंच करू शकतो, की जे चुकलं ते समजून घेऊन पुढच्याला तसं मरू द्यायचं नाही. काँक्रीट मी घातलं होतं. ते फोडताना घामेजलेल्या मजुरानं मला विचारलं, "काका, मग घातलं कशाला होतं?" त्यालाही मी नीट उत्तर देऊ शकलो नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: आमचं अंगण दहा बाय बाराच आहे. करंजसुद्धा मोठा होईल. काय लावावं?*

इतक्या जागेत मोठं झाड लावू नका. भिंतीला आणि ड्रेनेजला मुळं भिडतील, आणि दहा वर्षांनी तुम्हीच परवानगीचा अर्ज घेऊन फिराल. मांडव आणि वेल हाच तुमचा वृक्ष. फार तर कांचनासारखं लहान चणीचं झाड चालेल. मोठं झाड लावायची हौस असेल तर कॉलनीच्या मोकळ्या जागेत लावा आणि पाण्याची पाळी ठरवून घ्या.

*प्रश्न: जुनं झाड काढल्यावर त्याच खड्ड्यात नवं लावलं तर?*

शक्यतो नको. तिथं जुन्या मुळांचा आणि बुंध्याचा गुंता असतो, ते कुजताना माती खचते, आणि रोगानं झाड गेलं असेल तर रोगही तिथंच असतो. चार-सहा फूट बाजूला घ्या.

*प्रश्न: उन्हाळ्यात आठ दिवसांनी पाणी येतं. रोप कसं जगवायचं?*

मडकं पुरा. जुन्या माठाला तळाशी बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घाला, रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू मुळापाशी जातं, वाफ होऊन उडत नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणीही चालतं. आळ्यात पालापाचोळा ठेवा. आणि लागवड मे महिन्यात करू नका, पहिले दोन चांगले पाऊस झाले की करा.

*प्रश्न: सर, मॅडमचं काय म्हणणं आहे आता?*

(हशा) ती पहिल्याच रांगेत बसली आहे, तिलाच विचारा. मांडवाखाली खुर्ची टाकून बसते. दोडके निघाले, ते शेजारी वाटले. करंज अजून तिच्या खांद्याएवढाही नाही. परवा म्हणाली, "याला पाणी मी घालीन, तुम्ही विसरता." ते खरं आहे.

पुढच्या वेळी आपण याच धाग्यानं 'भरपाई' या कल्पनेकडं जाऊ: कोणत्या नुकसानीची भरपाई होते आणि कोणत्या नुकसानीची होत नाही. तोवर आपापल्या दारातल्या झाडाच्या बुंध्याभोवती किती माती मोकळी आहे, तेवढं बघून या.